पायाखालचे पोलाद

सॅम्युएल स्कॉट हा पंधरा वर्षांचा मुलगा बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ जहाज कारखान्यात रिव्हेटच्या टोळीत होता. त्या काळी जहाजाचे पत्रे रिव्हेटने जोडले जात. टोळीतला एक मुलगा भट्टीत रिव्हेट लाल तापवायचा, दुसरा तो घेऊन भोकात बसवायचा, एक माणूस आतून जोर लावून दाबून धरायचा आणि बाहेरून दोघे हातोड्याने ठोकायचे. स्कॉट हा तो दुसरा मुलगा. २० एप्रिल १९१० रोजी तो शिडीवरून पडला आणि कवटी फुटून मरण पावला. कारखान्याच्या वहीत जहाजाचा क्रमांक ४०१ होता. हेच जहाज म्हणजे टायटॅनिक.

हे जहाज बांधताना आठ माणसे गेली. टायटॅनिकच्या बुडण्यावर शेकडो पुस्तके निघाली, पण स्कॉटच्या कबरीवर नावाचा दगड लागायला २०११ साल उजाडले. समुद्रात झालेला मृत्यू इतिहासात जातो आणि गोदीत झालेला मृत्यू रजिस्टरच्या एका ओळीत संपतो, ही तफावत आजही मिटलेली नाही. म्हणून या प्रकरणात वादळे आणि हिमनग बाजूला ठेवून जहाजावरच्या सर्वांत साध्या अपघाताकडे पाहायचे आहे : माणूस उभा होता तिथून खाली पडला.

रोज बदलणारा मजला

इमारतीच्या बांधकामावरही माणसे पडतात. पण बांधकामाधीन जहाजाची अडचण वेगळी आहे. इमारतीचा स्लॅब एकदा पडला की तो जागचा हलत नाही. जहाजात काल ज्या पत्र्यावरून आपण चाललो, त्यात आज पाइप सोडण्यासाठी भोक कापलेले असते. इंजिन आत उतरवता यावे म्हणून डेकचा मोठा तुकडा मुद्दाम उघडा ठेवतात. काल टाकीचे झाकण बंद होते, आज पेंटर आत असल्याने ते उघडे आहे. फिटरला आड आला म्हणून कठड्याचा एक भाग काढला, काम झाले, फिटर पुढच्या कंपार्टमेंटमध्ये गेला आणि कठडा तसाच भिंतीला टेकून राहिला.

एका जहाजावर एकाच दिवशी वेल्डर, फिटर, रिगर, पेंटर, इलेक्ट्रिशियन, लॅगिंगवाले असे किती तरी गट वेगवेगळ्या ठेकेदारांकडून आलेले असतात. भोक एका गटाने केलेले असते आणि त्यात पाय जातो दुसऱ्याचा. त्यातच वेल्डिंगच्या केबल, गॅसचे होस, हवेचे पाइप डेकभर पसरलेले. आत सूर्यप्रकाश नाही, तात्पुरत्या दिव्यांची माळ कुठे तरी तुटलेली. वेल्डिंगच्या झगमगाटातून अंधारात आलेल्या डोळ्याला काळ्या पत्र्यातले काळे भोक काही क्षण दिसतच नाही.

मुंबईला जहाजबांधणीचे काम नवे नाही. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने इथे पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. माझगाव डॉक, वास्कोचे गोवा शिपयार्ड आणि कोकणच्या खाड्यांतले छोटे यार्ड ही परंपरा चालवत आहेत. लाकडाच्या जागी पोलाद आले तशी जहाजे उंच झाली. मोठ्या मालवाहू जहाजाच्या होल्डचा, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्याचा, तळ वरच्या डेकपासून १५ ते २० मीटर खोल असतो, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीइतका. सुक्या गोदीच्या काठावर उभे राहिले की एका बाजूला जहाजाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला गोदीचा खड्डा असतो.

जहाज मोडण्याच्या कामात हाच धोका उलट क्रमाने येतो. खंबातच्या आखातावरील अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून भरतीच्या जोरावर जहाजे वाळूवर चढवून तोडली जातात. मुंबईत दारूखान्यालाही हा धंदा जुना आहे. जहाज मोडताना गॅस कटरचा प्रत्येक छेद एक नवी कड तयार करतो, आणि शिडी, कठडा, जिना ही माणसाला सांभाळणारी अंगेही लोखंड म्हणून कापली जातात. जहाजांच्या पुनर्वापराविषयीचा २००९ चा हाँगकाँग करार २६ जून २०२५ रोजी लागू झाला. प्रत्येक यार्डाने कामगारांच्या सुरक्षेचा आराखडा आधी तयार करावा, असे तो सांगतो. तोडण्याचा क्रम आधी ठरला तरच कामगाराच्या पायाखाली काय उरणार हे त्याला आधी कळू शकते.

पडताना काय घडते

दोन मीटरवरून सुटलेले शरीर ०.६४ सेकंदात खाली येते. त्या वेळी त्याचा वेग ताशी साडेबावीस किलोमीटर असतो. सहा मीटरवरून पडायला १.१ सेकंद लागतो आणि वेग ताशी ३९ किलोमीटर होतो. २० मीटर खोल होल्डमध्ये पडायला दोन सेकंद पुरतात आणि तळाशी वेग ताशी ७१ किलोमीटर असतो. ‘तोल गेला तर काही तरी पकडू’ हा भरवसा किती पोकळ आहे, हे या आकड्यांवरून कळते. काय घडते आहे हे मेंदूला समजून हात हलेपर्यंत दोन मीटरच्या प्रवासाचा बराच भाग संपलेला असतो.

उंचीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे शरीर किती अंतरात थांबले. शरीरावर येणारा सरासरी जोर ढोबळमानाने पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, इतक्या पट वजनाएवढा असतो. दोन मीटरवरून पोलादी डेकवर पडून शरीर पाच सेंटिमीटरमध्ये थांबले, तर जोर वजनाच्या चाळीसपट होतो. ७० किलोच्या माणसावर क्षणभर जवळजवळ २,८०० किलोंचा भार. तोच माणूस जाळीत पडून एक मीटर खाली जात थांबला, तर जोर वजनाच्या दोन-तीन पटींपर्यंत उतरतो. जाळी, झटका शोषणारा पट्टा, हेल्मेटच्या आतली गादी या सगळ्यांचे काम एकच : थांबण्याचे अंतर वाढवणे.

जहाजात हे अंतर मिळत नाही. खाली माती नसते, रेती नसते. पोलाद असते, आणि तेही सपाट नसते. पत्र्याला बळकटी देणाऱ्या उभ्या पट्ट्या, ब्रॅकेट, व्हॉल्व्ह, पाइपांच्या कडा यांवर शरीर आदळते. पायांवर पडलेल्या माणसाची टाच फुटते आणि तोच धक्का वर चढून कमरेचा मणका चिरडतो. हात पुढे करून पडलेल्याचे मनगट मोडते. डोके आधी टेकले तर दोन मीटरही जीव घ्यायला पुरतात. उंच परांचीवर माणूस निदान सावध असतो. छोट्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तो निर्धास्त असतो, आणि आयुष्यभराचे अपंगत्व तिथेही येते.

हवेमुळे पडलेली माणसे

काही पडण्यांचे मूळ पायात नसते, श्वासात असते. जहाजाच्या तळाशी, बाजूंना आणि टोकांना बंद टाक्या असतात. त्या महिनोन्‌महिने उघडल्या नाहीत तर आतले लोखंड गंजत राहते आणि गंज हवेतला ऑक्सिजन खातो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. आत तो बराच उतरला तर माणूस शिडीवर असतानाच हातपाय गळून पडतो, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. कोळसा, लाकूड, धान्य असा माल भरलेल्या होल्डच्या शिडीच्या बंद बोळातही हेच होते.

बाहेरच्या सोबत्याला दिसते ते एवढेच की गडी खाली पडला. पाय घसरला असेल असे समजून तो धावत आत उतरतो आणि त्याच पायरीवर कोसळतो. एका मृत्यूचे दोन-तीन मृत्यू होतात ते असे. म्हणून आधी टाकीत हवा खेळवायची, मग मीटरने वेगवेगळ्या खोलीवर ऑक्सिजन आणि विषारी वायू मोजायचे, तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा, आणि काहीही झाले तरी त्याने श्वासोच्छ्वासाच्या उपकरणाशिवाय आत जायचे नाही. आपला माणूस डोळ्यांसमोर पडलेला असताना जागेवर थांबून अलार्म देणे फार जड जाते. पण वाचवण्याचा तोच एक मार्ग आहे, म्हणून त्याचा सराव आधीच करून घ्यावा लागतो.

समुद्रावर

जहाज पाण्यात उतरल्यावर मजला हलू लागतो. शिडाच्या जहाजांवर जुने खलाशी नवख्याला सांगत, एक हात जहाजाचा आणि एक हात स्वतःचा. आजच्या पोलादी जहाजावरही ही शिकवण खरी आहे, पण तिच्यामागे मोजमापांचे मोठे शास्त्र उभे आहे. भाररेषा करारानुसार उघड्या डेकवरचा कठडा किमान एक मीटर उंच हवा, सर्वांत खालच्या दांडीखाली २३० मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको आणि वरच्या दांड्यांमध्ये ३८० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. घसरलेला माणूस दांडीखालून सरकून समुद्रात जाऊ नये, इतका विचार या आकड्यांत आहे.

होल्डच्या तोंडाभोवती जी पोलादी चौकट असते, तिची किमान उंची याच करारात डेकच्या जागेनुसार ६०० किंवा ४५० मिलिमीटर आहे. ती पाणी अडवण्यासाठी ठरवलेली आहे, माणूस अडवण्यासाठी नाही. ६०० मिलिमीटर म्हणजे गुडघ्याच्या थोडे वर. तेवढ्याच चौकटीवरून वाकून माल पाहणाऱ्याचा तोल सहज आत जातो. अनेक मोठ्या जहाजांवर ती याहून उंच असते, पण तिच्यावर चढून झाकण साफ करणाऱ्याला त्या उंचीचा उपयोग नसतो.

बंदराजवळ आलेल्या जहाजावर स्थानिक पायलट चढतो. छोट्या लाँचमधून हलत्या जहाजाच्या भिंतीवर सोडलेल्या दोराच्या शिडीवर त्याला उडी घ्यावी लागते. लाँच लाटेसोबत वरखाली होते, त्यामुळे ती उचललेली असताना शिडी पकडायची, म्हणजे ती खाली गेली तरी पाय अडकत नाहीत. समुद्रावरील जीवसुरक्षेच्या सोलास करारात या शिडीचे बारीक नियम आहेत. चढण नऊ मीटरपेक्षा जास्त असेल तर नुसती दोरशिडी चालत नाही, तिला जहाजाच्या बाजूच्या तिरक्या जिन्याची जोड द्यावी लागते. पायऱ्यांतले अंतर ३१० ते ३५० मिलिमीटर हवे, आणि शिडी पिळवटू नये म्हणून ठरावीक अंतरावर १.८ मीटर लांबीची आडवी फळी हवी. इतके असूनही डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क बंदराचा एक अनुभवी पायलट कंटेनर जहाजावर चढताना शिडीवरून पडून मरण पावला. त्या जोडशिडीत जिन्याच्या फलाटातल्या चौकोनी भोकातून वर यावे लागत होते. शरीर वर ओढून घेण्याच्या त्या क्षणी हाताला नीट आधार नसेल, तर दीर्घ अनुभवही उपयोगी पडत नाही.

मासेमारीच्या बोटीवर कठडा बुटका असतो, कारण जाळे त्यावरूनच ओढायचे असते. डेकवर पाणी, बर्फ, माशांचा चिकट बुळबुळीतपणा आणि जाळ्याचे वेटोळे. जाळे पाण्यात सुटताना वेटोळ्यात पाय आला की खलाशी जाळ्याबरोबर जातो. रात्री एकटाच काठाशी लघवीला उभा राहिलेला माणूस एका हेलकाव्यात बाहेर फेकला जातो. बोट आठ नॉट वेगाने जात असेल तर एका मिनिटात ती सुमारे २५० मीटर पुढे गेलेली असते, आणि लाटांमध्ये पाण्याबाहेर दिसणारे डोके शंभर मीटरवरूनही सापडत नाही. अमेरिकेत २००० ते २०१६ या काळात व्यावसायिक मासेमारीत बोटीवरून पाण्यात पडून २०४ जण मेले. त्यांच्यापैकी एकाच्याही अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते. निम्म्याहून अधिक जणांना पडताना कोणी पाहिलेच नव्हते.

मिरकरवाड्यापासून ससून डॉकपर्यंतच्या आपल्या बंदरांवर जाकिटे बोटीत असतात, पण बहुधा केबिनमध्ये रचून ठेवलेली. ‘पोहता येते’ हे त्याचे नेहमीचे कारण. पण पडताना डोके बोटीवर आपटले, अंगात जाड कपडे असले, बोट लांब गेली, तर पोहण्याचे कौशल्य मिनिटांत थकते. पाण्यात पडताच आपोआप फुगणारी, कमरपट्ट्यासारखी हलकी जाकिटे आता मिळतात आणि ती घालून जाळे ओढता येते. पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, तेव्हा धोका पाण्यातून जमिनीवर येतो. बोटीच्या कुशीला टेकवलेल्या शिडीवर चढून रंगकाम, काथ्याकाम, पंख्याची दुरुस्ती चालते, आणि चिखलात रुतलेली शिडी दोराने बांधलेली नसते.

काम खाली आणा

पडणे टाळण्याचे उपाय एका क्रमाने विचारात घ्यायचे असतात. पहिला प्रश्न : हे काम उंचावर करायलाच हवे का? दुसरा : करायचेच असेल तर कड बंद करता येईल का? कठडा, झाकण, पक्की परांची. तिसरा : कड बंद होत नसेल तर खाली जाळी लावता येईल का? आणि शेवटी, काहीच शक्य नसेल तर हार्नेस. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा होतो. हार्नेस आधी दिला जातो आणि तिथेच विचार थांबतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जहाजबांधणीने स्वतःच शोधले आहे, जरी ते वेगाच्या गरजेतून आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लिबर्टी नावाची २,७१० मालवाहू जहाजे बांधली गेली. हेन्री कायझरच्या यार्डांमध्ये जहाजाचे मोठाले तुकडे जमिनीवर तयार करून क्रेनने जोडले जात. तुकडा उलटा करून ठेवला की वेल्डरला डोक्यावर हात धरून काम करावे लागत नसे, तो खाली पाहून वेल्ड करी. नोव्हेंबर १९४२ मध्ये रिचमंडच्या यार्डात ‘रॉबर्ट ई. पीअरी’ हे जहाज बांधणी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरले. त्याच घाईत हजारो नवखे कामगार जखमी होत होते. कायझरच्या यार्डांत डॉ. सिडनी गारफिल्ड यांनी कामगारांसाठी उभारलेल्या वैद्यकीय योजनेतून पुढे कायझर पर्मनंटे ही मोठी आरोग्यसंस्था वाढली. १९४३ मध्ये अमेरिकी नौदल आणि मेरिटाइम कमिशन यांनी यार्डांसाठी सुरक्षेचे किमान नियम काढले. आयर्न लंग हे श्वसनयंत्र घडवणारे फिलिप ड्रिंकर त्या आरोग्य कार्यक्रमाचे प्रमुख होते.

आज माझगाव डॉकमध्ये ३०० टनी गोलियाथ क्रेन तयार ब्लॉक उचलते. ब्लॉक जमिनीवर असतानाच त्यात पाइप, केबलचे ट्रे, रंग, आणि मुख्य म्हणजे कायमची शिडी व कठडा बसवला, तर १५ मीटर उंचीवरचे तासन्‌तासांचे काम दोन मीटरवर येते. परांचीसाठीचे कडे आधीच वेल्ड केले तर नंतर लोंबकळत वेल्ड करावे लागत नाहीत. डिझाइनच्या टेबलावर बसलेला इंजिनिअर किती माणसे किती वेळ उंचावर राहणार हे ठरवत असतो, अनेकदा स्वतःच्या नकळत.

हार्नेस घातला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, हा समज मोडायला हवा. दोन मीटरची दोरी, उघडल्यावर आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांबणारा झटका शोषणारा पट्टा, माणसाची स्वतःची उंची आणि थोडी मोकळी जागा मिळून आकड्याखाली सुमारे सहा मीटर रिकामे लागतात. तीन-चार मीटर उंच टाकीत तो माणूस पट्टा पूर्ण उघडण्याआधीच तळाला लागतो. तिथे आखूड दोरी, डोक्यावरचा आकडा किंवा आपोआप गुंडाळून लगेच अडणारे यंत्र हवे. पायाजवळच्या पाइपला हुक अडकवला तर पडण्याचे अंतर दुप्पट होते. आणि वाचून लोंबकळत राहिलेल्याच्या मांड्यांतले पट्टे रक्त पायात अडवून धरतात. काही मिनिटांत तो बेशुद्ध होऊ शकतो. त्याला खाली कोण, कशाने, किती वेळात उतरवणार याचे उत्तर काम सुरू होण्याआधी तयार नसेल, तर हार्नेसने अर्धेच काम केलेले असते.

चूक कोणाची

अपघातानंतरच्या कागदात बहुतेक वेळा एक वाक्य ठरलेले असते : कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. बाराव्या तासाला, ४० अंशांच्या टाकीत, घामाने निसरड्या हातांनी शिडी उतरणाऱ्या ठेकेदारी कामगाराकडून कधीही न चुकणारी सावधगिरी मागणे न्यायाचे नाही. भारतीय कायद्यानेही तसे मानले नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने जहाजे बांधणे, दुरुस्त करणे आणि तोडणे या सर्व कामांना उत्पादन प्रक्रिया मानले. त्याच्या ३२ आणि ३३ या कलमांनी पक्के जिने, उंचीवरच्या कामाला कुंपण आणि जमिनीतली भोके झाकण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली. हे विषय आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत आले आहेत.

त्याआधी १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने आणखी मूलभूत तत्त्व आणले : कामावर जखम झाली की भरपाई द्यायची, मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामगार नशेत असेल, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला असेल किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढले असेल, एवढेच कामगाराच्या वागणुकीचे अपवाद आहेत, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तेही लागू होत नाहीत. साधा बेसावधपणा अपवादांत बसतच नाही. ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते. हे तत्त्व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. पडलेल्या माणसाच्या घरच्यांनी कोऱ्या कागदावर सही करण्याआधी या गोष्टी त्यांना माहीत असायला हव्यात.

चांगल्या यार्डात डेकवरचे प्रत्येक भोक कोणाच्या तरी नावावर असते. ज्याने कापले त्याने झाकायचे, झाकणावर लिहायचे, आणि पाळी संपताना पुढच्या सुपरवायझरला हातात यादी द्यायची. पडता-पडता वाचलेल्या प्रसंगाची नोंद करणाऱ्याला दंड होत नाही, उलट ती जागा त्याच दिवशी दुरुस्त होते. यासाठी मोठा खर्च लागत नाही. लागते ती एवढीच मान्यता की तोल जाणे माणसाच्या शरीराचा स्वभाव आहे, आणि खाली काय असावे हे मात्र आपण ठरवू शकतो. जो जहाजाचा नकाशा काढतो, कामाचा क्रम लावतो आणि ठेका देतो, त्याच्याकडेच हा निर्णय असतो. म्हणून अपघाताची चौकशी पडलेल्या माणसाच्या पायापाशी न थांबवता त्या टेबलापर्यंत नेली पाहिजे.